करत नाहीत, की करता येत नाही?

पत्र:

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. ३२ वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले. गेल्या वर्षभरात बरंच बदललंय. आणलेली भाजी पुन्हा आणतात. दोनदा गॅस मंद आचेवर तसाच राहिला. दूध तर सारखं उतू जातं. विजेचं बिल दोनदा भरायचं राहिलं. रक्तदाबाची गोळी कधी दोनदा घेतात, कधी घेतच नाहीत. पंधरा वर्षं सांभाळलेली भिशी दिवाळीनंतर सोडून दिली. डॉक्टरांकडे स्मरणशक्तीची चाचणी झाली, ३० पैकी २७ गुण मिळाले. 'घरची कामं करता ना?' असं डॉक्टरांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, 'सगळं मीच करते.' ह्यांनीही मान डोलावली. मग डॉक्टरांनी रोजच्या कामांचा एक तक्ता भरून आणायला दिला. मी, हे आणि हैदराबादचे दीर, तिघांची उत्तरं तीन तऱ्हेची आली. दीर म्हणतात, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई झकास बोलते. नणंद म्हणाली, 'आईला वेडी ठरवायला निघालीस, घरावर डोळा आहे तुझा.' कोणाचं खरं धरायचं? आणि गौरी तोंडावर आल्यात. पुरणाचा स्वयंपाक दरवर्षी त्यांच्याच हातचा असतो. यंदा सोपवू की नको?

– एक सून, नाशिक

उत्तर:

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, 'एक सून' एवढीच सही केलीत. अर्धं दुखणं तिथेच आलं. हेच सगळं तुमच्या नणंदेनं पाहिलं असतं तर त्याला काळजी म्हटलं असतं. सुनेनं सांगितलं की त्याची तक्रार होते.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तिघांपैकी खोटं कोणीच बोललं नसावं. त्या तक्त्यात 'स्वतःची औषधं स्वतः घेतात का?' असा प्रश्न असेल. तुमच्या यजमानांनी 'हो' लिहिलं असेल, कारण आईला पाण्याबरोबर गोळी घेताना त्यांनी पाहिलंय. तुम्ही 'नाही' लिहिलं असेल, कारण ती गोळी पट्टीतून काढून वाटीत ठेवणाऱ्या तुम्ही. दिरांनीही 'हो' लिहिलं, कारण 'गोळ्या चालू आहेत रे' असं आई दर रविवारी सांगते. प्रश्न एक, पण प्रत्येकानं पाहिलेला तुकडा वेगळा.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून २८ वर्षं काम केलं. (हे सांगितलं की लोक 'म्हणजे फिजिओथेरपी ना?' विचारतात. या विषयाची आशियातली पहिली शाळा कमलाबाई निंबकरांनी १९५० साली आपल्या मुंबईत काढली, तरी अजून हीच तऱ्हा.) आमचं कामच मुळी माणूस आंघोळ कशी करतो, चहा कसा करतो, सुटे पैसे कसे मोजतो हे बघण्याचं. एवढ्या वर्षांत मी घरोघरच्या लोकांना एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत आले: 'आई हे करत नाही', 'आईला हे करता येत नाही' आणि 'आम्ही आईला हे करू देत नाही' ही तीन वेगळी वाक्यं आहेत. आपण तिन्हींची खिचडी करतो आणि तक्त्यात एकाच चौकटीत खूण करून मोकळे होतो.

आपल्या घरांत तर हे फारच होतं. साठी-पासष्टी उलटली की 'आता तुम्ही बसा, मी करते' सुरू. त्यामागे माया असते. पण त्यानं दोन गोष्टी झाकल्या जातात. बाईला जे अजून उत्तम येतं ते दिसत नाही, आणि जे सुटत चाललंय तेही दिसत नाही.

आता ते २७ गुण. तुमच्याकडे झाली ती बहुधा एमएमएसई, म्हणजे १९७५ पासून जगभर वापरली जाणारी ३० गुणांची चाचणी. तारीख, वार, गाव, तीन शब्द लक्षात ठेवणं, शंभरातून सात-सात वजा करत जाणं, दोन आकृत्यांची नक्कल. ३२ वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या, पावकी-निमकी पाठ असलेल्या बाईला शंभरातून सात वजा करणं म्हणजे काय? शिकलेली माणसं या चाचणीत बराच काळ चांगले गुण मिळवतात, घरात गोंधळ सुरू झालेला असला तरी. उलटंही मी पाहिलंय. शाळेचं तोंड न पाहिलेली आजी १८ गुणांवर अडकते, आणि घरी जाऊन दोन म्हशींचं दूध, रतीब, उधारी सगळं चोख सांभाळते. दोघींचं खरं कागदावर कळत नाही, घरात कळतं.

म्हणूनच डॉक्टरांनी तक्ता दिला, आणि ते डॉक्टर चांगले आहेत असं मी त्यावरून समजते. नुसती आठवण घसरली म्हणून डिमेन्शिया म्हणत नाहीत. ती घसरण रोजच्या व्यवहारात दुसऱ्याच्या आधाराची गरज पाडू लागली की मग म्हणतात. तोवर तिला सौम्य बोधनक्षय म्हणतात, आणि तो प्रत्येकाचा पुढे डिमेन्शियात जातोच असं नाही. ही सीमारेषा कुठलंही स्कॅन काढून देत नाही. ती तुमच्या स्वयंपाकघरातून जाते.

असे तक्ते अनेक आहेत. सगळ्यांत जुन्यांपैकी एक सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांचा, १९६३ चा. आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठबस, मलमूत्रावर ताबा, जेवण, अशा सहा गोष्टींचा. त्यात तुमच्या सासूबाईंना सहापैकी सहा मिळतील. ही कामं आजारात फार उशिरा अडतात. सुरुवातीला अडखळतात ती गुंतागुंतीची कामं: फोन, खरेदी, स्वयंपाक, घर आवरणं, धुणं, प्रवास, औषधं, पैसे. या आठांची यादी लॉटन आणि ब्रोडी यांनी १९६९ मध्ये दिली. गंमत अशी की त्या मूळ तक्त्यात पुरुषांना आठपैकी पाचच प्रश्नांचे गुण होते. स्वयंपाक, घरकाम आणि धुणं गाळलेलं! अमेरिकेतल्या त्या पिढीच्या पुरुषांनी ही कामं कधी केलीच नव्हती, तर ती विसरणार कुठून? आमच्याकडच्या काही आजोबांना तर पाचही जड गेले असते. पण त्यामागचं तत्त्व महत्त्वाचं आहे: जे कधी केलंच नाही ते 'येईनासं झालं' असं लिहायचं नाही.

या तत्त्वानं तुमची यादी पुन्हा वाचू.

दूध उतू जाणं खोडून टाका. दूध उतू जाणं हा आजार असता तर अख्ख्या महाराष्ट्राला दवाखान्यात भरती करावं लागलं असतं.

विजेचं बिल. ते पूर्वी कोण भरत होतं? सासरे भरत असतील, तर ७२ व्या वर्षी पहिल्यांदा गळ्यात पडलेलं काम त्यांना जमलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मात्र इथे दुसरीही एक शक्यता आहे, आणि ती मी अनेक घरांत पाहिली. नवराबायकोतला एक जण दुसऱ्याचं विसरणं वर्षानुवर्षं अलगद सावरून घेत असतो. 'अगं, गॅस', 'अगं, किल्ली' असं दिवसातून वीसदा म्हणतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. तो गेला की घरच्यांना वाटतं, धक्क्यानं आई एकदम बदलली. सासरे असताना घरात कोण कोणाला काय आठवण करून देत होतं, हे यजमानांबरोबर शांतपणे बसून आठवून पाहा.

यात मी स्वतः फसलेय. माझे वडील शेवटपर्यंत दर महिन्याला एकटे बँकेत जायचे आणि मी ते कौतुकानं सगळ्यांना सांगायचे. तिथल्या एका कारकुनाची बदली झाली, त्या महिन्यात वडील रिकाम्या हातानं परतले. पैसे काढायची पावती वर्षभर तो भला माणूस भरून देत होता. काम होत होतं, पण ते करत होतं दुसरंच कोणी. २८ वर्षांचा अनुभव असलेली मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, 'दादा, तुम्ही तिथे नेमकं काय करता?'

भाजी दोनदा आणली, गॅस राहिला, यात मला घटनेपेक्षा पुढची पाच मिनिटं कळायला हवीत. फ्रीज उघडल्यावर 'अगंबाई, मेथी होतीच की' असं त्या स्वतः म्हणाल्या का? की 'ही कोणी आणली?' म्हणाल्या? चूक सगळ्यांकडून होते. चूक झाल्यावर ती स्वतःच्या लक्षात येणं आणि ती निस्तरता येणं, यावर आम्ही जास्त नजर ठेवतो.

तुमच्या पत्रात मला सगळ्यांत जास्त थांबवलं ते भिशीनं. तुम्ही ती एका ओळीत उरकलीत. कोणाचे हप्ते आले, कोणाची चिठ्ठी निघून गेली, कोण अजून बाकी, कोणी पुढच्या महिन्याचे आगाऊ दिले, हे सगळं पंधरा वर्षं डोक्यात आणि वहीत चालवणारी बाई ते अचानक सोडते. जाहीर फजिती व्हायच्या आत माणसं अशीच बाजूला होतात. 'कंटाळा आला', 'आता नव्या मुलींनी करावं' अशी छान कारणं देतात. ती वही घरात असली तर त्यांच्या परवानगीनं चाळा. शेवटच्या चार-सहा महिन्यांत खाडाखोड वाढलीय का, बेरजा चुकल्यात का, अक्षर बदललंय का, ते पाहा. असा पुरावा कुठल्याही चाचणीत मिळत नाही. तुलना त्यांचीच त्यांच्याशी. शेजारच्या ऐंशीच्या आजींशी नाही की तुमच्याशी नाही.

पण घाई नको, कारण इथे एक चौथं वाक्यही असू शकतं: 'करावंसं वाटत नाही.' नवरा जाऊन दोन वर्षं झालीत. उतारवयातलं नैराश्य रडून दिसतंच असं नाही. पुष्कळदा ते विसरण्याच्या आणि कामं सोडण्याच्या रूपानं येतं, आणि त्यावर उपचार आहेत. हे वेगळं काढणं डॉक्टरांचं काम, पण त्यांना विचारायला तुम्ही लावा. त्याचबरोबर बी-१२, थायरॉइड, सोडियम तपासलंय का, कानांनी नीट ऐकू येतं का, मोतीबिंदू आहे का, झोपेची किंवा ॲलर्जीची गोळी चालू आहे का, हेही. यातल्या कशानंही माणूस गोंधळलेला दिसू शकतो. आणि एक फरक पक्का लक्षात ठेवा: बदल महिनोन् महिने हळूहळू झाला तर असं शांतपणे बघायला वेळ आहे. दोन-चार दिवसांत एकदम भ्रम झाला, झोप-जाग उलटी झाली, तर वही-बिही काही नको, त्याच दिवशी दवाखाना.

वहीचं आता सांगते. पुढचे दोन आठवडे शंभर पानी वही घ्या आणि पाच-सहाच कामं निवडा, जी सासूबाई आयुष्यभर करत आल्यात. रोज दोन-तीन ओळी. 'आज आई खूप विसरल्या' असं लिहू नका, त्यातून कोणालाच काही कळत नाही. असं लिहा: 'मंगळवार. खिचडी. डाळ-तांदूळ स्वतः धुतले, फोडणी स्वतः केली. कुकरच्या तळात पाणी घालायचं राहिलं. मी "पाणी?" म्हटल्यावर लगेच घातलं.' या तीन ओळी डॉक्टरांना पुरतात. मदत किती लागली ते दरवेळी यावं: स्वतः केलं, एकदा आठवण केली, पायरीपायरीनं सांगत गेले, हात धरून करवलं, की मीच केलं. एका शब्दाच्या आठवणीवर होणारं काम आणि शेजारी उभं राहून सांगत गेल्यावर होणारं काम, यांत फार मोठं अंतर आहे. चांगलं झालेलंही तितक्याच इमानदारीनं लिहा. फक्त चुकांची वही नणंदेच्या हाती पडली, तर तिचं म्हणणं खरं ठरेल.

आणि परीक्षा घेऊ नका. 'आई, आज वार कोणता? सांगा बघू मी कोण?' हे पाहुण्यांचं आवडतं काम. ३२ वर्षं दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या बाईला ते किती लागत असेल! त्यापेक्षा दुपारी त्यांना म्हणा, 'आई, आज चहा तुमच्या हातचा, तिघांचा करा.' आणि तुम्ही तिथेच भाजी निवडत बसा. चहा दिसतो सोपा, पण त्यात सगळं असतं. आपणहून उठल्या का, पाणी तीन कपांचं घेतलं का, साखर-पावडर-दूध हा क्रम राहिला का, मध्येच फोन वाजला तर परत येऊन तिथूनच पुढे सुरू केलं का, शेवटी गॅस बंद केला का. चुकत असेल तर लगेच झडप घालू नका, मनात दहा आकडे मोजा. त्या दहा आकड्यांत बरीच माणसं स्वतः सावरतात. भाजेल, पेटेल असं काही दिसलं तर अर्थात मोजत बसायचं नाही.

औषधांच्या बाबतीत मात्र बघत बसू नका. रक्तदाबाची गोळी दोनदा जाते हे तुम्हाला कळलंय, तेव्हा ती आजपासून तुमच्या हातून, आणि डॉक्टरांना फोन करून सांगा. आतापर्यंत किती चुकलं ते घरातल्या अर्धवट पट्ट्या आणि दुकानाची बिलं समोर ठेवली की निघतं. १५ गोळ्यांची पट्टी १ तारखेला सुरू केली असेल, तर ११ तारखेच्या गोळीनंतर ४ उरायला हव्यात. सात उरल्या किंवा एक उरली, तर तो आकडाच बोलतो. गॅसचा रेग्युलेटर रात्री आणि तुम्ही बाहेर जाताना बंद करा. स्वयंपाक बंद करू नका.

तुम्ही हे विचारलं नव्हतं म्हणा, पण तक्त्यांबद्दल आणखी एक सांगायचा मोह आवरत नाही. हे बहुतेक तक्ते अमेरिकेत जन्मलेले. चेकबुक, कर भरणं, गाडी चालवणं असले प्रश्न. आपल्याकडे हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांत संशोधकांनी न शिकलेल्या वृद्धांसाठी वेगळा तक्ता बांधला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात होळी-दिवाळीसारखे सण लक्षात राहतात का, निरोप दिला तर पोचवतात का, गावात वाट चुकतात का, घरातल्या लग्नाकार्यात मत देतात का, असं विचारलंय. मला हा शेवटचा प्रश्न फार आवडतो. तुमच्या वहीत त्यालाही जागा द्या. भाचीच्या स्थळाबद्दल सासूबाई काय म्हणाल्या? मुद्द्याचं बोलल्या का?

आता दीर. रविवारच्या कॉलवर आई झकास बोलते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. 'जेवलास का, मुलं कशी आहेत, थंडी पडली का' ही वाट इतकी मळलेली असते की अंधारातही पाय चुकत नाही. त्यांना पटवत बसू नका, बोलावून घ्या. चार दिवस, तुम्ही तिघंही एरवीसारखं वागून. मंडईत आईबरोबर त्यांनी जावं, पाकीट आईच्या हातात, दिरांनी फक्त पिशवी धरायची. मग तक्ता पुन्हा भरू द्या, तुमचा न बघता. 'आईलाच महिनाभर हैदराबादला पाठवा, बघू' असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. परक्या घरात रात्री संडासाचा दिवा सापडत नाही, शेगडी वेगळी, डबे वेगळे. तिथे त्या आहेत त्यापेक्षा वाईट दिसतील आणि घाबरतील.

तिघांचे तिन्ही तक्ते डॉक्टरांना द्या. त्यांतली तफावत लपवू नका, डॉक्टरांना ती कामाची असते. दूर असलेल्याला कमी दिसतं, हे त्यांना माहीत असतं. थकलेल्या माणसाला थोडं जास्त दिसतं, हेही. तुम्ही दिवसाचे किती तास यात घालवता, रात्री झोप होते का, तेही त्याच कागदावर लिहा. आणि हे सगळं सासूबाईंच्या समोर बोलायचं नाही. भेटीच्या आदल्या दिवशी पाकीट दवाखान्यात नेऊन द्या. आत गेल्यावर डॉक्टरांनी आधी त्यांच्याशीच बोलावं, तुमच्याशी नंतर.

नणंदेशी घराच्या विषयावर एकदाच, यजमानांनी बोलावं, तुम्ही नव्हे. रोजच्या कामांचा तक्ता म्हणजे सही करायला अपात्र असल्याचा दाखला नव्हे. बेरीज चुकणारी बाईही आपल्या घराचं, दागिन्यांचं काय करायचं ते विचार करून सांगू शकते. तो प्रश्न वेगळा, त्याची तपासणी वेगळी, ती लागेल तेव्हा बघता येईल. आणि 'वेडी' हा शब्द घरातून हद्दपार करा. देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीतून आलाय. यात शिक्षक, डॉक्टर, न्यायाधीश सगळे आले. तुमच्या सासूबाई त्यांत आहेत की नाहीत, हे अजून कोणीच म्हटलेलं नाही. मीही म्हणत नाही.

राहिलं पुरण. सबंध स्वयंपाक त्यांच्यावर सोपवू नका आणि त्यांना पाटावर बसवूनही ठेवू नका. गौरीजेवणाचा दिवस म्हणजे एका बाजूला डाळ शिजतेय, कट काढायचाय, गूळ मोजायचाय, कणीक तिंबायचीय, आमटी उकळतेय, वर सवाष्ण दारात आणि मुलांचा धुडगूस. धडधाकट बाईची त्रेधा उडते. गौरींच्या पंधरा दिवस आधी, एखाद्या निवांत दुपारी पाव किलो डाळीचं पुरण दोघी मिळून करा. क्रम कुठे तुटतो आणि हात कुठे अजून अचूक चालतात ते तिथेच दिसेल. माझा अंदाज, उंडा भरणं आणि लाटणं त्यांना तुमच्यापेक्षा आजही चांगलं येत असेल. मग गौरीच्या दिवशी मोजमाप, गॅस आणि क्रम तुमच्याकडे, लाटणं त्यांच्याकडे. सवाष्ण कोण सांगितलीय हे त्यांनी तीनदा विचारलं तर तीनदा सांगा. आणि पुरण आटत आलं की कढईपाशी त्यांना बोलवा. कालथा उभा राहतोय का, झालं का पुरण, हे त्यांनाच ठरवू द्या, आणि त्या काय म्हणाल्या ते रात्री वहीत लिहा.